मालक समोर बसल्याशिवाय

३ मार्च, मंगळवार

रेडिओवाल्याच्या दोन्ही मुलांनो,

म्हणजे तू आणि मी. सभेत उभं राहिल्यासारखी सुरुवात केली म्हणून हसू नकोस. समोर हजार माणसं असोत की एक, मला दुसरी सुरुवात येत नाही. आज समोर तू एकटा आहेस, आणि तोही पाठ फिरवून. पण तू काउंटरच्या कुठल्याही बाजूला बसलास तरी आपल्या दोघांची तक्रार एकच आहे. आपल्या बापाने चाळीस वर्षं लोकांची बंद पडलेली यंत्रं उघडली, साफ केली, बोलती केली. मग कोणीतरी ठरवलं की यापुढे यंत्रं उघडायचीच नाहीत. त्यांनी ती गोंदाने चिकटवली, पाच पाकळ्यांचे स्क्रू मारले, सुटे भाग कुलपात ठेवले, आणि बाबांच्या दुकानाचं शटर खाली आलं. ज्या महिन्यात ते खाली आलं त्याच महिन्यात तू त्या लोकांच्या सेवा केंद्रात नोकरीला लागलास. हे मी आधी बोलले आहे आणि तू ते ऐकलंही आहेस, पहिल्या रांगेत बसून.

कागदावर लिहिते आहे कारण माझा फोन मेला आहे. जिवंत असता तरी तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही. पत्ता मात्र मिळाला. तुझ्याच पत्रावर छापलेला होता.

ते पत्र समोर ठेवून लिहिते आहे. 'सदर उपकरण दुरुस्तीयोग्य नाही. उपकरणातील माहिती परत मिळणार नाही. ग्राहकाने नवीन उपकरण घ्यावे.' खाली पर्यवेक्षक म्हणून तुझी सही. त्या सहीचा शेवटचा फाटा अजून बाबांसारखाच वर उडतो, हे पाहून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अर्जावर माझं नाव होतं, आपल्या बापाचं नाव होतं, आपल्या घराचा पत्ता होता. तू वाचलं नाहीस असं म्हणशील तर तुझ्या कामाची लाज वाटेल. वाचूनही सही केलीस असं म्हणशील तर तुझी.

आणि फोन कोणी उघडलाच नव्हता. बाबांनी भिंग लावून खालचे दोन स्क्रू पाहिले. डोक्यावर एक ओरखडा नाही. त्यांनी डाव्या हाताने फोन टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते पूर्वी शिकाऊ माणसाकडे बघायचे, न उघडता 'गेला' असं सांगणाऱ्याकडे.

सभेत टेबलावर होता. पडला. काच फुटली, पडदा काळा झाला, बोट लावलं तर काही उमटत नाही. आतून अजून थरथरतो, म्हणजे जीव आहे. एवढंच झालंय. एवढ्यासाठी तुमच्या केंद्राने त्याला तिरडीवर बांधलं.

आत काय आहे ते तुला माहीत आहे. झटका येण्याआधीच्या दोन महिन्यांत बाबांनी मला त्यांचं सगळं काम बोलून दिलं, रोज थोडं थोडं. व्हॉल्व्ह कसा ओळखायचा, सोल्डर नीट न धरलेला कोरडा सांधा कानाने कसा शोधायचा, गिऱ्हाईक खोटं बोलतंय हे कसं कळतं. चाळीस ध्वनिफिती. मग झटका आला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. आज चौदा महिने झाले, त्या घशातून एक धड शब्द निघालेला नाही. बाबांचा आवाज या जगात फक्त त्या फोनमध्ये आहे. प्रत का काढली नाहीस, असं विचारशील. कंपनीच्या आभाळात, त्या 'क्लाउड'मध्ये, माझ्या बापाचा आवाज ठेवायचा नाही अशी माझी भूमिका होती. भूमिकेवर मी आजही ठाम आहे. दुसरीकडे कुठे ठेवायचा ते उद्यावर ढकललं, ही चूक माझी, आणि ती मी इथे एका वाक्यात मान्य करून पुढे जाते.

पुढे म्हणजे हे, की मी फोन स्वतः दुरुस्त करणार आहे. याच घरात, याच टेबलावर, तुमच्या नाकावर टिच्चून.

आणि एक. ध्वनिफिती चाळीस नाहीत. एक्केचाळीस आहेत. एक्केचाळिसावी तुझ्यासाठी आहे.

ताई


११ मार्च, बुधवार

तुझं उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती, रोज खाली जाऊन पत्रपेटी बघते ती वीज बिलासाठी.

फोन उघडला.

टेबल खिडकीपाशी ओढलं. समोर स्टूल ठेवून बाबांना बसवलं. मालक समोर बसल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी त्याला त्या स्टुलावर बसावंच लागायचं, आठवतं ना? एकदा एक वकील चिडला होता, मला कोर्टात जायचंय म्हणून. बाबा म्हणाले होते, जा, रेडिओही बसेल तुमची वाट बघत. आवाज त्यांचा, तेव्हा मालक तेच. म्हणून तेच समोर.

गोंद सोडवायला गरम पाण्याची पिशवी. काच उचलायला मी आपल्या संघटनेचं सभासदत्वाचं कार्ड कापून त्याची पातळ पट्टी केली. 'आपल्या वस्तू उघडण्याचा हक्क' हे शब्द त्यावर छापलेले आहेत, ते आता फोनच्या पोटात घुसले आहेत. शेजारच्या शिंपीणकाकूंनी चिमटा, सुया आणि त्यांचं कपाळाला बांधायचं भिंग दिलं, आणि दिल्यावर गेल्या नाहीत. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुला साधं बटण लावता येत नाही, तू फोन शिवायला निघालीस?"

मी म्हटलं, काकू, हा एका फोनचा प्रश्न नाही. पिढ्यान्‌पिढ्या माणसाने आपल्या हाताने आपली हत्यारं नीट केली. आज त्याच्याच पैशाने घेतलेल्या वस्तूचं झाकण त्याला परकं झालं आहे. हात असून पांगळं करण्याची ही रीत आहे.

काकू म्हणाल्या, "ते खरं गं. पण पिशवी कधीची ठेवलीयेस? धूर येईल आता."

तेवढ्यात बाबांनी टेबलावर ठोकलं. डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांनी, टक टक. दुकानात त्यांच्या ओठांत कायम स्क्रू धरलेले असायचे, तोंड उघडता यायचं नाही, म्हणून पेचकसाच्या मुठीने काउंटरवर ठोकायचे. थांब. एवढाच अर्थ, दुसरा कधीच नव्हता. तू तिथे त्यांच्या गुडघ्याशी बसून वाढलास, तुला सांगायला नको. मी पिशवी उचलली. पट्टी सरकवली. काच सुटली.

मला सांग, ज्याने हे बनवलं त्याच्या मनात माणसाबद्दल किती तिरस्कार असेल? स्क्रू तीन जातींचे. एकाला पाच पाकळ्या, एकाला तीन, एकाला साधी फुली. तिन्हींना तीन पेचकस. बॅटरी अशी चिकटवलेली की काढताना वाकावी आणि भडकावी, म्हणजे उद्या वर्तमानपत्रात छापता येईल, घरी दुरुस्ती करताना बाईचा हात भाजला. ही रचना नव्हे, हा बंदोबस्त आहे. आणि त्या बंदोबस्ताच्या दारावर पहारेकरी म्हणून रेडिओवाल्याचा मुलगा, इस्त्रीचा शर्ट घालून.

हो, मी अजून त्याच शब्दावर आहे. सहा वर्षांपूर्वीच्या त्या सभेत मी नाव घेतलं नव्हतं. 'आपल्यातलेच काही गद्दार' असं म्हटलं होतं. सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या, त्या मी वळवल्या नव्हत्या.

मोडीतले फोन विकणाऱ्याकडून त्याच मॉडेलचा एक मेलेला फोन आणला. त्याचा पडदा शाबूत आहे, तो बसवायचा. निघालेले स्क्रू बाबांच्या बूटपॉलिशच्या डबीच्या झाकणात ठेवते आहे, निघतील त्या क्रमाने, घड्याळाच्या काट्यासारखे गोल. आपल्या घरची पद्धत. चाळीस वर्षांत त्या झाकणातला एक स्क्रू चुकला नाही.

बाबा रोज सकाळी चहा झाला की स्वतः उठून स्टुलावर जाऊन बसतात. पाय ओढत, भिंतीला धरत. मी हात द्यायला गेले तर झटकतात. चौदा महिन्यांत ते कशासाठी एवढ्या लगबगीने उठले नव्हते. तुला हे कळावं म्हणून लिहिलं, विरघळावंस म्हणून नाही.

ताई


१९ मार्च, गुरुवार

तुझं पाकीट सोमवारी आलं. आत पत्र नाही. एक ओळ नाही. 'ताई' एवढंसुद्धा नाही. वहीचं एक पान, त्यावर पेन्सिलीने काढलेली फोनच्या पोटाची आकृती, आणि प्रत्येक स्क्रूच्या जागी एकेक खराखुरा स्क्रू चिकटपट्टीखाली. शेजारी बारीक अक्षरात लांबी. पाचव्या जागेभोवती लाल वर्तुळ.

म्हणजे हातात कसब आहे. माझ्या अर्जावर 'दुरुस्तीयोग्य नाही' लिहिणारा माणूस घरी बसून त्याच फोनचा नकाशा काढतो. दिवसा नकार, आणि नंतर टपालाने स्क्रू. असल्या चोरट्या दयेचा मला संताप येतो. माणसाने एक तर कंपनीचं खावं आणि गप्प बसावं, किंवा दार उघडून बाहेर यावं. उंबऱ्यावर उभं राहून खडे काय टाकतोस?

मी ते पान कपाटात ठेवलं. आपल्याकडे झाकण आहे.

आता ऐक काय झालं ते. मंगळवारी सकाळी नवा पडदा जोडला. बॅटरीची पट्टी बसवली. बाजूचं बटण दाबून धरलं. बाबा स्टुलावर पुढे झुकले होते, शिंपीणकाकू दोरा दातात धरून उभ्या. आधी काहीच नाही. मग पांढरा उजेड आला आणि त्यांच्या चेहऱ्यावर पडला. पडदा जागा झाला. आकडे विचारू लागला. माझं बोट त्यावर उमटलं. बाबांच्या घशातून आवाज आला, शब्द नव्हता तो, पण तसा आवाज मी चौदा महिन्यांत ऐकला नव्हता. काकूंनी दोरा खाली टाकला.

मी आकडे टाकले नाहीत. आधी सगळं नीट मिटायचं, स्क्रू घट्ट करायचे, मग उघडायचं असं ठरवलं. अर्धवट काम लोकांपुढे ठेवायची मला सवय नाही. फोन बंद केला. झाकणातले स्क्रू क्रमाने लावत गेले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा थोडा जड गेला. मी जोर दिला. बसला.

मग बटण दाबलं, आणि काही नाही. थरथरही नाही. चार्जरला लावला, गरमही होत नाही. तासाभरापूर्वी जो जिवंत होता, तो आता दगड झाला आहे.

मोडीवाल्याने भिंगातून पाहिलं. म्हणाला, पाचव्या जागी लांब स्क्रू गेलाय. तो खालच्या सर्किटच्या पाटीत घुसला आणि आतल्या विजेच्या वाटा कापल्या. फरक किती असेल, मी विचारलं. त्याने अंगठ्याचं नख दाखवलं. म्हणाला, याच्या जाडीएवढा.

नखाच्या जाडीएवढा फरक. डोळ्याला न दिसणारा, डोकं सारखं, पेच सारखे, रंग सारखा, आणि लांबी तेवढी वेगळी. कोणत्या प्रामाणिक कारागिराने असे दोन स्क्रू शेजारीशेजारी ठेवले असते? हा सापळा आहे. माणसाने स्वतः हात लावावा आणि स्वतःच्याच हाताने यंत्र मारावं, मग यांनी हात झटकून म्हणावं, आम्ही सांगितलं होतं. यावर मी बोलणार आहे. प्रत्येक सभेत, प्रत्येक चौकात हा स्क्रू हातात धरून बोलणार आहे.

तुमच्या केंद्राने नीट केला असता तर ही वेळ आली नसती. माझ्या बापाचा आवाज तुम्ही घेतला. हे मी लिहून ठेवते.

ताई


२४ मार्च, मंगळवार

चिमट्या,

या नावाने तुला सहा वर्षांत हाक मारली नाही. तुझी बोटं एवढीशी होती की बाबा चिमट्याऐवजी तुझाच हात रेडिओत घालायचे, म्हणून हे नाव. माझं नाव त्यांनी भोंगा ठेवलं होतं. तू कामाला उपयोगी आणि मी आवाजाला, अशी त्यांनी आपली वाटणी केली होती आणि मला ती कधी आवडली नाही.

मागच्या पत्रात जे लिहिलं त्यात खोटं काही नव्हतं. पण मी सभेत बोलते तशी बोलले. जे सोयीचं तेवढं. राहिलेलं आज लिहिते, एकदाच. पुन्हा विचारलंस तर चिडेन.

फोन पडला नव्हता. मी आपटला. वस्तू उघडण्याच्या हक्कावरच बोलत होते. शेवटच्या वाक्याला मी टेबलावर हात मारते, तुला माहीत आहे, तू नक्कल करायचास. त्या दिवशी हातात फोन आहे हे विसरले. काच फुटल्याचा आवाज ध्वनिक्षेपकावरून गेला. लोकांना वाटलं मुद्दाम केलं. टाळ्या पडल्या. मी त्या टाळ्या घेतल्या, चिमट्या. वाकून घेतल्या.

पाचवा स्क्रू. बाबांनी ठोकलं होतं. मी स्क्रू लावताना गप्प नव्हते. पडदा लागला होता, मी जिंकले होते, काकूंना सांगत होते की बघा, ज्यांना अडाणी समजलं जातं ते काय करू शकतात. त्यांनी एकदा ठोकलं. मी ऐकलं आणि बोलत राहिले. दुसऱ्यांदा ठोकलं तेव्हा मी म्हटलं, हो बाबा, होतंच आलं. तिसऱ्यांदा त्यांनी कप उचलून टेबलावर आपटला, चहा माझ्या हातावर उडाला. तरी मी पेचकस फिरवला. वाक्य पुरं व्हायचं होतं.

त्याच्या आठवडाभर आधी पिशवीच्या वेळी मी थांबले होते, कारण तेव्हा काकू बोलत होत्या. मी बोलत असताना मला थांबवणारा अजून जन्मायचा आहे, असं लोक कौतुकाने म्हणतात. ते कौतुक नाही हे मला गेल्या मंगळवारी कळलं.

नंतर त्यांनी झाकण पुढे ओढलं. त्याच्या काठाला आधीच एक पोचा आहे, त्यामुळे ते डुलतं. पिशवीच्या दिवशी माझ्या कोपराने ते हललं होतं आणि दोन स्क्रू सरकले होते. मी ते अंदाजाने परत ठेवले होते. त्यांनी पाहिलं असणार. रेडिओत ते चाललं असतं. रेडिओचे लांब स्क्रू लांब दिसायचे. मग त्यांनी डाव्या हाताने कपाटाकडे बोट केलं. मी तुझं पान काढून दिलं. ते त्या आकृतीवरून बोट फिरवत बसले, एकेका स्क्रूवर थांबत, लाल वर्तुळापाशी जास्त वेळ. त्यांच्या तोंडाची जी बाजू हलते ती हलली. तुझं काम तपासून झाल्यावर पूर्वी हलायची तशी. ते कंपनीचं काम नाही, हे त्यांना एका नजरेत कळलं. मला तो कागद कपाटात ठेवतानाही कळलं नाही.

मग ते उठले. स्टूल बाजूला सरकवलं. पलंगावर जाऊन भिंतीकडे तोंड केलं. आज आठवडा झाला. उठवते, पुसते, भरवते, घास घेतात. स्टुलाकडे येत नाहीत.

आता एक्केचाळिसावी.

तू सभेतून उठून गेलास त्यानंतर पाच वर्षं बाबांनी तुझं नाव काढलं नाही. मला वाटलं ते माझ्या बाजूचे आहेत. चाळिसावी झाली त्या दिवशी ते म्हणाले, आज तू बाहेर थांब. मी म्हटलं, का? ते म्हणाले, हे चिमट्याचं आहे. मी जिन्यात उभी राहिले. दारातून आवाज येत होता, शब्द येत नव्हते. बराच वेळ बोलले. दार उघडून फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पाठव त्याला. आणि भोंग्या, तू ऐकायचं नाही हं."

मी पाठवलं नाही. पाच दिवस ते रोज विचारत होते, गेलं का. मी रोज म्हणत होते, पाठवते. सहाव्या दिवशी विचारायला त्यांना तोंड राहिलं नाही. त्यानंतर चौदा महिने ते नजरेने विचारत राहिले आणि मी औषधाची वेळ झाली म्हणून उठत राहिले. मध्ये तू काकूंच्या हाती निरोप पाठवून सगळ्या ध्वनिफिती मागितल्यास. मी सांगितलं, कंपनीच्या माणसाला बापाचा आवाज मिळणार नाही. काकू म्हणाल्या होत्या, "बाप त्याचाही आहे ना गं?" मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही.

आणि मी ऐकली. पूर्ण नाही. झटक्यानंतरच्या आठवड्यात, दवाखान्याच्या बाकावर बसून लावली. त्यांचा खोकला, खुर्चीचा आवाज, मग, "चिमट्या, तुझी ताई..." तिथे मी बंद केली.

ते वाक्य पुढे कसं जातं, हे मी चौदा महिने रोज ठरवते आहे. तुझी ताई चुकली. तुझी ताई बोलते तशी नाही. तुझी ताई मला सांभाळते, पण. तुझी ताई कधी ऐकायची नाही, तू तरी. मी एवढी पुस्तकं वाचली, हजारोंच्या तोंडचं पुढचं वाक्य मला आधी कळतं, आणि माझ्या बापाचं एक वाक्य मला पुरं करता येत नाही. पुरं ऐकायचीही छाती नाही. फोन फुटला तेव्हा, टाळ्या चालू असताना, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ज्या बाईला सुटल्यासारखं वाटलं तीच नंतर चिमटा घेऊन बसली. माझ्या हातून तो नीट का झाला नाही, याचं हे एक कारण मी मोडीवाल्याला सांगितलेलं नाही.

मी बाबांना स्टुलावर बसवलं ते मालक म्हणून. त्यांचा आवाज, तेव्हा ते मालक, असा माझा हिशेब. पण एक ध्वनिफीत त्यांनी तुला देऊन टाकली होती. एक्केचाळिसावीचा मालक तू आहेस. मी मालक समोर नसताना झाकण उघडलं. त्या दुकानात तेवढा एकच नियम होता.

मोडीवाला म्हणतो, वाटा कापल्या आहेत, पुसल्या नाहीत. आवाज ज्या तुकड्यात साठवला आहे तो शाबूत असणार. केसाहून बारीक तार घेऊन मोठ्या भिंगाखाली तुटलेल्या टोकांवर पूल बांधायचे. फोन पाच मिनिटं जरी उठला तरी पुरे. हे करणारा त्याला एकच माणूस माहीत आहे. त्याने तुझं वर्णन केलं, नाव घेतलं नाही, मीही विचारलं नाही. केंद्राबाहेर फोन उघडायचा नाही अशी लेखी हमी तुमच्याकडून घेतात, हेही त्याने सांगितलं. मला माहीत आहे. त्या कागदावर मी तीन भाषणं केली आहेत. तुझी नोकरी जाऊ शकते. मी ते हलकं करून सांगणार नाही.

कंपनीबद्दल बोललेला एकही शब्द मी मागे घेत नाही. तो गोंद, ते स्क्रू, तो नकाराचा छापील कागद, सगळ्याचा मला आजही तेवढाच संताप आहे आणि मरेपर्यंत राहील. तुझ्याबद्दल बोललेला एक शब्द मागे घेते. भरसभेत बोलले होते, भरसभेतच मागे घेईन. तो या कामाचा मोबदला म्हणून नाही. तू आला नाहीस तरी घेईन.

रविवारी, एकोणतीस तारखेला, सकाळी दहा वाजता ये. तुझं भिंग आण, तार आण. टेबल खिडकीपाशी आहे, उजेड चांगला येतो. बाबांना तुझा आवाज ऐकू आला की ते भिंतीकडून वळतील असं मला वाटतं, पण वळले नाहीत तरी तू थांबू नकोस. त्यांनी ठोकलं तर मात्र थांब. तुला ते येतं. फोन उठला तर आकडे बाबांच्या दुकानाच्या पाटीवर होते तेच आहेत, तुला माहीत आहेत. एक्केचाळिसावी लाव, दार लावून घे, शेवटपर्यंत ऐक. मी जिन्यात बसेन, जिथे तेव्हा उभी होते तिथे. मी बोलणार नाही. ते वाक्य पुढे काय होतं हे तू सांगितलंस तर ऐकेन, नाही सांगितलंस तर विचारणार नाही.

स्टूल मी परत टेबलासमोर ठेवलं आहे. ये. त्यावर बस. आणि उघड.

भोंगा